आधी खोबरेल

आज मुहूर्त नाही.
कन्नमवार नगरात पाणी सव्वापाचला येतं, सातला जातं.
तेवढ्यात बावीस ब्रश धुवायचे.

घमेल्यात कोमट पाणी,
तान्ह्या बाळाच्या शांपूचे चार थेंब
आणि तळहात. तळहातासारखी घासणी
अजून कुठल्या कंपनीनं काढलेली नाही.
केस खाली, दांडा वर. नेहमी.
पाणी वर चढलं की पत्र्याच्या गळ्यातला गोंद सुटतो
आणि ब्रश गळायला लागतो
नवरीच्या गालावर, ऐन अंतरपाटाच्या वेळी.
झालंय एकदा, मुलुंडला. मी ते केस
दृष्ट काढल्यासारखे टिपून घेतले.

हळूहळू पाण्यात उतरतात शनिवार-रविवारच्या पोरी.
ही गव्हाळ, जिची आई म्हणत होती दोन शेड उजळ कर
आणि मी केली नाही.
ही तपकिरी रेघ म्हणजे वरमावशीचं नाक,
अर्धा तास बसून सरळ केलेलं.
हे काजळ भांडुपच्या देवश्रीचं.
रडून रडून तीनदा पुसलं, चौथ्यांदा म्हणाली,
राहू दे, फिसकटलेलंच बरं दिसतंय.

पाणी ओतायचं, नवं घ्यायचं,
नितळ निघेपर्यंत.
तिसऱ्या पाण्यात गालांचा मोठा ब्रश बुडवला
आणि घमेलं भडक गुलाबी झालं.

थांबले.
हा रंग माझा नाही.
म्हणजे माझाच, पण जुना. झाकण तुटलेली ती डबी
शिमग्यानंतर मी कुणाला लावलेली नाही,
आणि आता मार्गशीर्ष.

ब्रशच्या काळ्या केसांत एक पांढरा.
ताठ, आखूड, भुवईतला.
चिमटीत धरून ट्यूबलाइटखाली नेला.
घरात माणसं तीन.
एक अजून रात्रपाळीवरून यायचंय.
एक मी.
एक आत, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, जागं.

तातू. माझे सासरे.
एकतीस वर्षं कंपनीच्या गेटवर, खाकीत.
त्याआधी कुडाळकडे दशावतारात
बायकांची कामं करायचे, एवढंच कानावर होतं.
फोटो नाही. सासूबाई विषय निघू द्यायच्या नाहीत.
त्या गेल्या, तरी निघाला नाही.

मी हाक मारली नाही.
घासत राहिले. जुना, चिकट रंग,
साबणाला दाद देईना.
मागे सपाता वाजल्या.

"आधी खोबरेल लाय गो.
मगे साबण. तेलाक तेलच काढता."

गुडघे मोडत पाटावर बसले,
माझ्या हातातून ब्रश घेतला.
कपातला चहा बशीत सांडणारी ती बोटं
इथे जराही हलली नाहीत.
दोन थेंब तेल. अंगठा मुळाकडून टोकाकडे,
उलटा एकदाही नाही.

"आमी बोटांनीच लायत होतंव. कुंचलो एकच, भुवयांक.
खेळ संपलो की पयलो तेका न्हाणवचो,
मगे आपला तोंड."

नळाला अजून धार होती.
मी विचारलं, "कोण व्हायचात? द्रौपदी?"
"तारामती," ते म्हणाले.
"द्रौपदीक नाक व्हया धारदार."

मग दोघांनी मिळून
जुन्या धोतराच्या तुकड्यात ब्रश दाबले, पिळले नाहीत.
टोकांना चिमटीनं आकार दिला,
ओट्याच्या कडेवर आडवे मांडले, केस हवेत,
उन्हापासून लांब.
मी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी
लहान ब्रश लहानांशेजारी ठेवले, शाळेच्या रांगेसारखे.
सात वाजले. नळ खोकला आणि बंद झाला.
ते उठले, चहा मागितला,
बशीत सांडला.

दुपारी ती गुलाबी डबी कचऱ्यात टाकली.
मुदत कधीच संपलेली, कातडीला खाज सुटली असती.
कपाटातून नवी काढली,
येत्या रविवारच्या नवरीसाठी आणलेली, सील न फोडलेली,
आणि आरशाच्या फळीवर ठेवली.
वरच्या नाही, खालच्या.
बसल्या बसल्या हात पुरेल अशी.